मामांनी मुळी बंद केली

भरवेलीच्या मुळीवाल्या मामांना कोणाचंच म्हणणं चटकन पटत नसे. गुरूचं नाही, डॉक्टरचं नाही, आणि खरी गंमत म्हणजे स्वतःचंही नाही. माणूस मँगनीजच्या खाणीत राबलेला. पण रविवारी पहाटेपासून त्यांच्या ओसरीवर काविळीच्या पिवळ्या डोळ्यांची रांग लागायची. थेट तिरोडीहून लोक यायचे. मामा एक मुळी उगाळून ताकातून देत, पैसा घेत नसत, आणि माणूस बरा होई. सबंध पंचक्रोशीत त्यांना मान होता तो या मुळीमुळे.

मुळी शिकवणाऱ्या गुरूने बजावलं होतं की मंत्राशिवाय मुळी लागू पडत नाही. बुद्धविहारात वाढलेल्या मामांच्या घशात मंत्र अडकायचा. दुसरा कोणी असता तर गुपचूप मंत्र गाळून मोकळा झाला असता. मामांनी एका रविवारी निम्म्या रांगेला मंत्रासकट मुळी दिली, निम्म्यांना मंत्राशिवाय. सगळे सारखेच बरे झाले. हे ऐकून गुरू खवळला, म्हणाला, तुझी जीभ झडेल. मामा म्हणाले, "झडली की कळवतो."

दुखऱ्या गुडघ्यांवर ते निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगत. तोही त्यांनी तपासला होता. स्वतःच्या एका गुडघ्याला निर्गुडी, दुसऱ्याला नुसतं गरम फडकं, असं महिनाभर. निर्गुडीवाला गुडघा आधी वाकायला लागला. लसीकरणासाठी वस्तीत आलेली सरकारी डॉक्टरीणबाई म्हणाली, एका माणसाच्या गुडघ्यांवरून काही ठरत नाही. मामा म्हणाले, "मंग तुमचे द्या."

बाई हसली, पण सोडणारी नव्हती. मामांनी छाती फुगवून मंत्राचा किस्सा सांगितला, तसा चहाचा कप खाली ठेवून तिने विचारलं, "मामाजी, मंतर तो निकालकर देख लिया. कभी जड़ी निकालकर देखी?" साधी कावीळ बहुतेकदा आपली आपण उतरते, आणि जी उतरत नाही ती माणूस घेऊन जाते, असंही तिने समजावलं. मामी सांगायच्या, त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी पिवळा झालो. मामांनी डोळे पाहिले, उलट्या थांबतात का, गुंगी येते का, ते विचारलं आणि नेहमीसारखं उगाळून ताकातून दिलं. औषधाची गार रेघ पोटात उतरताना मला स्पष्ट जाणवली. बरा झाल्यावर बालाघाटच्या कचेरीसमोरच्या प्रत्येक टपरीवर मी ती रेघ हातवारे करून दाखवली. महिन्याभराने मामांनी बोलावून घेतलं.

"तुले काय देल्लं होतं, मालूम आहे?"

"मुळी."

"कोहळ्याच्या वेलाचं देठ. तुह्या मामीच्या मांडवावरचं."

मी हुज्जत घातली की मामींच्या कोहळ्यातच काही गुण असणार. मामांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "तू एकटाच नाही. लय जनांले देल्लं. समदे बरे झाले. मुळी काहीच करत नव्हती बे."

पुढच्या रविवारी ते ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि रांगेला म्हणाले, मुळी बंद. आराम करा, पाणी उकळून प्या. उलटी थांबत नसेल, गुंगी येत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर तडक दवाखाना. लोकांनी हात जोडले, मग शिव्या घातल्या. कोणी म्हणालं, डॉक्टरांनी विकत घेतलं. पेंगणाऱ्या बायकोला मोटारसायकलवर बांधून घेऊन आलेला एक जण हटूनच बसला: "द्या ना थोडी, तुमचं काय जाते?"

मामा म्हणाले, "माझं काही नाही जात. तुही बायको जाईन. उठ."

मामांनी स्वतः तिला ऑटोत घातलं. ती वाचली. तरी रांग आटली ती आटलीच. रस्त्यात नमस्कार करणारे लोक आता मान फिरवून जाऊ लागले. मामा त्यांना मुद्दाम हाक मारून कसं काय विचारत.

गेल्या वर्षी मामा गेले. विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठला त्याने मुळीचेच गोडवे गायले. शेवटी त्यांच्या पुतण्याने जाहीर केलं की रविवारपासून त्याच ओसरीवर तो मुळी देणार. टाळ्या पडल्या. मी टाळ्यांवर जगणारा नाटकी माणूस, पण उठलो आणि म्हणालो, मामांनी मुळी बंद केली होती. का, तेही सांगितलं. मागून आवाज आला, "ए, खाली बस."

तेवढ्यात मामी उभ्या राहिल्या. "तो खरं बोलून राह्यला. ओसरी माही आहे. तिथं मुळी नाही भेटनार कोनाले."

रविवारी लोक आलेच. मामी चपला घालून दारातच उभ्या होत्या. कोणाशी वाद नाही, समजावणं नाही. तिघा पिवळ्या डोळ्यांच्या माणसांना त्यांनी दारात थांबवलेल्या ऑटोच्या मागच्या सीटवर बसवलं, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चाल, दवाखान्यात."