भाड्याचं मशीन आणि सागवानी जमीन

मुंबईच्या कंत्राटदाराला बोलवायची काही गरज नाही, असं मी कारखान्याच्या साहेबांना तोंडावर सांगितलं, तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती आणि लाकडी जमीन घासायचं मशीन जन्मात पाहिलं नव्हतं. पण लाकूड पाहिलं होतं, आणि ते मला पुरेसं वाटत होतं.

पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. पिंपरीत कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि वसाहतीत कामगारांसाठी एक हॉल बांधला होता. तिथे बॅडमिंटन खेळायचं म्हणून फरशीऐवजी सागाच्या फळ्या घातल्या. त्या आम्ही चौघा सुतारांनीच ठोकल्या. आता सगळी जमीन घासून एकसारखी करायची होती. एक तर स्वतःचं मोठं मशीन आणि शिकलेली माणसं घेऊन कंत्राटदार येणार, नाहीतर पुण्याच्या कॅम्पातून मशीन भाड्याने आणून आम्ही घासणार.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, मिस्त्री. गुरुवारी कंत्राटदाराचा माणूस येऊन जमीन पाहील. त्याने पास केली, तर तुम्ही चौघे कायम. नाहीतर पुढचं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे."

चौघांत माझे सासरेही होते. मी त्यांना मामा म्हणायचो. चिखलीत त्यांनी उभी हयात नांगर आणि बैलगाड्या केल्या, आणि मला हातात रंधा धरायला त्यांनीच शिकवलं. मोतीबिंदूने डोळे अधू झाले होते, पण हात शाबूत होते. मशीन म्हणताच त्यांनी नाक मुरडलं. "हातानं घासू की, पावणं. आपल्याला कुटं पळायचं हाय?"

"मामा, हाताने घासायला महिना जाईल."

"मग जाऊ द्या महिना."

मी ऐकलं नाही. ऐकण्याचा माझा स्वभावच नव्हता.

सोमवारी सकाळी टेम्पोतून मशीन आलं. खाली काचपेपर गुंडाळलेला रोलर, वर दांडा, आणि दांड्याला बटण. कॅम्पातल्या दुकानदाराने मला दोनदा बजावलं होतं, "रोलर फिरत असताना एका जागी उभं राहायचं नाही. थांबायचं तर आधी रोलर उचलायचा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा मला शिकवतोय!

नवं हत्यार आलं की पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही आमची रीत. मामांनी नाक मुरडलेलं विसरून मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, उंबऱ्यावर नारळ फोडला. "करा सुरू," म्हणाले. मी बटण दाबलं. मशीन असं गरजलं की चौघांच्याही अंगावर काटा आला. मामांनी डोळे मिटून हात जोडले. बाकीच्या दोघांनी जोडले. मग मी तरी कसा मागे राहू? मीही दांडा सोडून हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा हॉलच्या ऐन मधोमध, वीतभर रुंद आणि चांगला नखभर खोल खळगा पडला होता. झेंडूचा हार रोलरमध्ये जाऊन भुगा झाला होता.

चौघांची भाकरी मी चार श्वासांत घासून टाकली होती. एक जण म्हणाला, भुसा आणि सरस कालवून भरू, व्हार्निशखाली कुणाला कळतंय? मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू?

मामा गुडघ्यांवर बसले. खळग्यावरून तळहात फिरवला, मग त्याच्या भोवती, मग आणखी लांबवर.

"भरायचा न्हाई," ते म्हणाले. "उद्या खेळताना उखडंल. खळगा वर येत न्हाई, तर सगळी जमीन त्याच्यापत्तूर खाली न्यायची. हळूहळू, कुटं कळणार न्हाई अशी."

तीन दिवस मी ते मशीन चालवलं. पहिल्या दिवशी ते मला ओढत होतं, तिसऱ्या दिवशी मी त्याला. मामा माझ्या मागून अनवाणी चालायचे. नीट दिसत नव्हतं म्हणून की काय, डोळे मिटूनच चालायचे, आणि तळव्याला उंचवटा लागला की "हितं" म्हणायचे. मी वळून तिथे पुन्हा फिरवायचो. भुशाने दोघेही पीठगिरणीतून आल्यासारखे पांढरे झालो होतो.

गुरुवारी कंत्राटदाराचा माणूस आला. काखेत लांब पट्टी, नजर घारीची. बूट काढून त्याने हॉल चालून पाहिला, पट्टी लावली, आणि मधोमध येऊन थांबला.

"इथे उतार आहे. फार नाही, पण आहे. मशीन थांबवलं होतं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फळीच मुळात खोल बसली होती म्हणायचं, की काय?

तेवढ्यात मागून मामा म्हणाले, "व्हय साहेब. मी हात जोडलं, म्हून समद्यांनी जोडलं. चूक माजी हाय. ह्या तिघांना कायम करा, मी जातो घरी."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. "नाही साहेब," मी म्हणालो, "बटण माझ्या हातात होतं. दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं. चूक माझी."

कंत्राटदाराचा माणूस मामांच्या भुशाने माखलेल्या पावलांकडे बघत राहिला. मग पट्टी काखेत मारून साहेबांना म्हणाला, "व्हार्निश मारायला हरकत नाही."

आम्ही चौघेही कायम झालो. पुढे आमच्या सुतारखात्याने स्वतःचं मशीन घेतलं, आणि खंडेनवमीला त्याची पूजा मीच करत आलो. आधी भिंतीतली विजेची पिन काढायची, ती पाटावर मांडायची, मगच हात जोडायचे. नव्याने आलेल्यांना वाटायचं, शास्त्रातच तसं सांगितलंय. मामा गेल्यावरही मी त्या पोरांना खरं सांगितलं नाही. फक्त पहिलं कुंकू मशीनला न लावता त्या पिनेला लावायचो, आणि तेवढा वेळ चपला काढून मामांसारखा अनवाणी उभा राहायचो.