खुशीचं मशीन पुसाचं नाही

लोकं म्हनतात, मायनं आपल्याच पोरीची तारीफ करू नये. काहून करू नये? माही बबिता बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यातली, अन् आज यवतमाळच्या कॉलेजात कम्प्युटरची लॅब सांभाळते. मी लालीबाई, तिची याडी, म्हनजे माय. मी नाही सांगनार तं कोन सांगनार?

कॉलेजानं भंगारात काढलेले कम्प्युटर तिनं एकमेकाले जोडले, त्यावर फुकटात भेटनारं सॉफ्टवेअर चढवलं अन् कॉलेजचा स्वतःचा क्लाउड उभा केला. पोरगं गावात बसून मोबाईल उघडो नाही तं लॅबमधी येवो, त्याचं मशीन इथंच चालते. हातात धराचं मशीन नाही बाप्पा, कम्प्युटरच्या पोटातला कम्प्युटर! मी इचारलं, "एवढ्या पोरायची मशीनं मावतात कशी?"

"याडी, तुह्या फेटियावानी," थे म्हने.

तांड्यात नवरीचा फेटिया, म्हनजे घागरा, शिवाचा तं मी एक जुना घागरा समोर ठेवते अन् त्याच्यावरून सगळ्यायचे शिवते. तसा बबितापाशी मशीनचा एकच नमुना होता, त्याले इमेज म्हनतात. सारी मशीनं त्याच्यावरच उभी राहत. पोरायनं केलेलं काम तेवढं वेगळं साठवाचं, म्हनून जागा पुरे.

मंग आली प्रॅक्टिकलची परीक्षा. प्राचार्य मॅडमनं आधीच सांगतलं होतं, यंदा गडबड झाली तं हा क्लाउड बंद, पुढच्या वर्षी बाहेरच्या कंपनीले काम. माह्या पोरीनं हाडाची काडं करून उभं केलेलं सारं त्या एका परीक्षेवर आलं.

परीक्षेले सगळ्यायले नवी मशीनं लागनार, म्हनून जागा मोकळी कराले बबितानं पोरायची जुनी मशीनं पुसली. एक राह्यलं, पांढरकवड्याच्या खुशीचं. तिचा प्रोजेक्ट अर्धा होता अन् घरी कम्प्युटर नव्हता.

विभागाचे जीवन सर चिडले. "एका पोरीसाठी जागा अडवून ठेवली तुम्ही!"

"तिचं काम बाकी आहे सर. मी नाही पुसत," बबिता म्हनली. अशी हट्टी! बापावर गेली.

परीक्षेच्या दिवशी मी डबा घेऊन गेलती. पाह्यलं तं पोरीचं तोंड पांढरं पडलेलं. नवं मशीन एकही बनून नाही राह्यलं! सरायनं सकाळी साफसफाई केली होती. जुनी मशीनं पुसल्यावर इमेज कोनाच्या कामाची दिसली नाही, म्हनून थेच फाइल उडवली. दुसरी प्रत ठेवाले बबितानं डिस्क मागतली होती, थे भेटलीच नव्हती. अन् बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसून घड्याळ पाहून राह्यले.

सर घाबरून म्हने, "जागाच कमी असन. थे खुशीचं मशीन पुसतो आधी."

"हात लावू नका!" बबिता ओरडली. जल्मात पोरीचा एवढा आवाज आयकला नव्हता मी.

अन् थे काहून ओरडली, मले चटकन समजलं. नमुन्याचा घागरा जळाला, पन एक नवरी अजून घागरा घालून उभी आहे ना! तिच्याच घागऱ्यावरून नमुना काढाचा! ज्या कम्प्युटरवर मशीन चाले, तिथं इमेजची एक प्रत उतरे; खुशीचं मशीन चालू होतं, म्हनून त्याच्याखालची प्रत अजून जित्ती होती. बाकीच्या प्रती वापर संपला तशा आपोआप साफ झालत्या.

बबितानं थे प्रत काढली, पहिल्या इमेजचा ओळखीचा आकडा तिनं लिहून ठेवला होता त्याच्यासंगं ताडून पाह्यली अन् परत जागेवर चढवली. पहिलं मशीन उठलं. मंग दुसरं. मंग भराभर सारी लॅब उजळली! पोरायनं टाळ्या पिटल्या, परीक्षक बी हसले. मी तं रडली, खोटं कायले बोलू?

परीक्षा झाली. प्राचार्य मॅडम सगळ्यायसमोर म्हनल्या, "क्लाउड इथंच राहील. आणि बबिताला उद्याच डिस्क घेऊन द्या."

खुशी भीतभीत बबितापाशी आली. "मॅडम, माह्या मशीननं जागा अडली होती ना? पुसाचं असन तं पुसा."

बबितानं तिले पोटाशी धरलं. "येडी, तुह्या मशीनवरच आज सगळ्यायची परीक्षा झाली."

माह्यानं राहवलं नाही. "काहो सर, पुसता का आता?"

सर कान पकडून म्हने, "नाही आजी. पोरीचा प्रोजेक्ट होऊ द्या आधी."

मंग मी डबा उघडला, अन् पयली भाकर खुशीले देल्ली.