कुंभारणीचं घर आणि दोन बोल्ट

आमच्या आप्पांच्या मोटारसायकलच्या इंजिनात दोन बोल्ट तुटून अडकले, त्याला कारण एक माशी.

साधी माशी नव्हे, कुंभारीण. ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर, कुलपाच्या भोकात (आमच्या शाळेत तर झाडून सगळ्या प्लगांत!) घर बांधते, आत अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते, तीच. आप्पा शेताच्या बांधावरून घसरून पडले, पायात रॉड बसला आणि त्यांची गाडी कितीतरी महिने पडवीत उभी राहिली. तेवढ्या काळात हिनं सायलेन्सरच्या मागच्या तोंडात संसार थाटला होता.

मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मे महिन्याच्या सुट्टीत निपाणीजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा डॉक्टरांनी आप्पांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच दिली होती. पडल्यापासून आप्पांनी आपला ऊस पाहिला नव्हता. कारमधून नेतो म्हटलं की एकच उत्तर यायचं, "न्हाय. जाईन तर माझ्या गाडीवरनं जाईन." मग मीही मनावर घेतलं की, आप्पांना त्यांच्या गाडीवरून शेताला पाठवायचंच. (मी काही मनावर घेतलं की घरातले जरा धास्तावतात.)

गाडी पुसली, पेट्रोल ओतलं, किक मारायला पाय उचलला, तोच आई ओरडली.

"थांब रं! आत कुंभारीण हाय!"

"असू दे की. धूर सुटला की जाईल उडून."

"आणि पिल्लं? भाजून मारणार व्हय त्यास्नी?"

आमचं घर जैनांचं. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो आणि मुंग्यांची रांग आडवी आली तर आपणच वळसा घालतो. पिल्लं धुरात कोंडून आप्पांना शेताला धाडणं आईला पटणार नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

"पिल्लं बाहेर पडायला काही आठवडे लागतात," मी शास्त्रीय माहिती पुरवली. आठवीला कीटकांचं जीवनचक्र मीच शिकवतो. "तोवर आप्पांनी वाट बघायची का? आख्खा सायलेन्सरच काढून गोठ्यात ठेवू आणि दुसरा बसवू. दोनच तर बोल्ट आहेत!"

दहाचा पाना लावला. बोल्ट हलेना. दात-ओठ खाऊन जोर दिला. 'कट्' असा आवाज आला आणि पाना एकदम सैल फिरला. "निघाला!" मी ओरडलो. निघालं होतं ते नुसतं डोकं! उरलेला बोल्ट इंजिनच्या हेडमध्ये तसाच. "काय झालं?" म्हणत आई आली. कसं झालं ते तिला नीट समजावं म्हणून मी दुसऱ्या बोल्टावर करून दाखवलं. 'कट्'.

आता आप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांच्या गाडीचा आरसा कुणी फिरवला तरी वाडवडिलांचा उद्धार करणारा माणूस! पण आप्पा खुर्चीत शेंगा फोडत शांत बसलेले.

"हुंदे रं. सावकाश कर. घाई काय हाय?"

मला अगदी भरून आलं. दुखण्यानं माणूस किती निवळतो, असं वाटलं.

डोकी तुटून सायलेन्सर तेवढा सुटला होता, तो गोठ्यात ठेवून मी दाजींना फोन केला. माझे थोरले मेहुणे हिंडलग्याला राहतात. ('आमचे दाजी हिंडलग्याला असतात' म्हटलं की तिथला जेल माहीत असलेले लोक आधी 'आत की बाहेर?' असं विचारतात.) बेळगावात लेथवर उभं आयुष्य गेलेलं. दुसऱ्या दिवशी ते ड्रिल मशीन घेऊन हजर झाले.

"मास्तर, आप्पांच्या पायात एवढा रॉड बसला आणि तुम्हाला एक बोल्ट काढाय ईना?"

"दोन," आई म्हणाली.

दाजींनी तेल सोडलं, ठोकलं, चिमट्यानं पिरगाळलं. मग गॅसच्या नळीनं हेड तापवायचं ठरलं, तर आई आडवी आली, "आधी बघा, आत आणि काय हाय का!" दाजी जावई माणूस. मुकाट्यानं वाकले, धूर बाहेर पडायच्या भोकाला डोळा लावला आणि काळं नाक घेऊन वर आले. "काय न्हाय." तापवूनही बोल्ट ढिम्म. शेवटी दाजींनी ड्रिल उचललं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

"दिवस मावळाय आला! पानं वाढल्यात!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

आमच्या घरात ही हाक चुकली की थेट सकाळी खायला मिळतं. आणि त्या दिवशी आमरस होता! दाजींनी घाई केली. बॅटरी मी धरली होती. मी एकदा सूर्याकडं, एकदा स्वयंपाकघराकडं बघत होतो, आणि उजेडही माझ्याबरोबर फिरत होता. ड्रिल टणक बोल्टावरून घसरलं आणि शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये तिरकं घुसलं, पुरणात बोट जावं तसं.

"हुंदे, हुंदे," आप्पा हात धुता धुता म्हणाले. "आधी जेवा."

मग टेम्पोत घालून गाडी निपाणीला नेली. वेल्डिंगवाल्यानं वाकून बघितलं आणि कानडीत विचारलं, "इदन्न यार माड्यार्री?" हे कुणी केलं म्हणून. मी दाजींकडं बोट केलं, दाजींनी माझ्याकडं. त्यानं एका तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला. आमच्या तिरक्या भोकाची जागा मोठी करून तिथं जाडा बोल्ट बसवावा लागला. नवा सायलेन्सर चढवून आम्ही मिरवत परत आलो.

"गाडीबी झाली, पिल्लंबी वाचली!" असं म्हणत मी गोठ्यातून जुना सायलेन्सर आणला. दाजींनी चष्मा लावला.

"मास्तर, ह्या घराला भोक हाय की."

होतं. चांगलं गोल. पिल्लू मोठं झालं की असंच भोक पाडून उडून जातं. हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवतो! म्हणजे घर रिकामंच होतं.

"कवा उडाली म्हणायची?" आईनं विचारलं.

"लई दिवस झालं," आप्पा म्हणाले. "तू सुट्टीला याच्या आधीच."

"मग बोलला का न्हाईसा?" आई म्हणाली.

आप्पा पायावरून हात फिरवत राहिले. "भ्या वाटत हुतं रं. पाय दगा देईल म्हणून. गाडी हुभी हाय तवर कुणी काय म्हणत न्हवतं. तू बोल्ट मोडलास, तवा मला वाटलं, देव पावला."

मला फार वाईट वाटलं. लहानपणी मला टाकीवर बसवून भरल्या ओढ्यातून गाडी काढणारा हा माणूस. त्याला भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"राहू दे आप्पा. कारनं जाऊ."

आप्पा गाडीकडं बघत बसले. मग उठले. "एवढा कुटाणा केलासा. चल, बस मागं."

किक मी मारली. शेतापर्यंत आप्पांनी पहिला गिअर सोडला नाही. दाजी शेजारून चालत होते आणि अधूनमधून आमच्यासाठी थांबत होते. बांधावर आप्पा उतरले आणि उसाकडं बघत उभे राहिले. डोळे पुसले. मीही पुसले.

निघताना मी पुन्हा किकला पाय लावला.

"सर बाजूला," आप्पा म्हणाले. "तू कशाला हात लावू नगंस." आणि किक त्यांनी स्वतः मारली.

आता आप्पा रोज गाडीवरून शेताला जातात. मी सुट्टीला गेलो की पान्यांचा डबाही बरोबर नेतात. वाटेत गाडी बिघडेल म्हणून नाही. घरी मी असतो म्हणून!