बटण अजून लागलं नाही

“अजून जरा फिका करा,” देसाई साहेब म्हणाले. “अक्षरं अंगावर येतायत.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. पांढऱ्या पानावरची राखाडी अक्षरं आधीच इतकी फिकी होती की धुऊन धुऊन विटलेल्या युनिफॉर्मवरचं नाव वाचावं तशी वाचावी लागत होती. आणि ती म्हणे या माणसाच्या अंगावर येत होती.

मी वेब डिझायनर आहे, चिंचवडच्या एका छोट्या एजन्सीत. देसाई साहेब चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीचे एचआर हेड. त्यांची एक लाइन तळेगावकडच्या नव्या प्लांटला हलणार होती. कंत्राटी कामगारांपैकी ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी मोबाइलवर कंपनीचं पोर्टल उघडायचं, सूचना वाचायची आणि खालचं ‘मी तयार आहे’ हे बटण दाबायचं. मुदत शनिवारपर्यंत. जो दाबणार नाही त्याची इच्छा नाही असं धरणार, आणि इच्छा नाही म्हणजे काम संपलं. माणसाची भाकरी त्या एका बटणावर. तेच बटण साहेबांना फिकट राखाडी हवं होतं, वर पांढरी अक्षरं. “प्रीमियम वाटतं,” म्हणाले.

आमच्या धंद्यात याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. मागचा रंग आणि अक्षराचा रंग यांच्या उजेडात किती फरक आहे ते मोजायचं. पांढऱ्यावर काळं म्हणजे एकवीस. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे एक. साधा मजकूर धड वाचता यावा म्हणून निदान साडेचार लागतो. साहेबांचा राखाडी दोनच्या आसपास होता. त्यातून आपली देवनागरी. वेलांटी, रफार, अनुस्वार ही सगळी नाजूक मंडळी. रंग फिका झाला की सगळ्यात आधी तीच गायब होतात.

मी दुसरं डिझाइन दाखवलं. किंचित मळकट पांढरं पान, जवळजवळ काळी अक्षरं, गडद हिरवं बटण.

“हे तहसील ऑफिससारखं दिसतंय,” साहेब म्हणाले.

“पण वाचता येतंय, सर.”

“मॅडम, मलाही वाचता येतं. तुम्ही फिका करा.”

माझा बॉस मंदार तोवर मान डोलवत बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “त्यांना हवं तसं दे ना. पोर्टल त्यांचं, माणसं त्यांची. तू कशाला जीव जाळतेस?”

जीव जळतच होता. मी हट्टच धरला, निदान कामगारांना एकदा दाखवू तरी. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जायची परवानगी मिळाली. वर पत्रा, दाराशी भगभगीत ऊन. बॅटरी पुरावी म्हणून बहुतेकांच्या मोबाइलचा ब्राइटनेस तळाला गेलेला, वर तडकलेली काच. माझ्या टेबलावर सुनीताताई बसल्या. खेडच्या बाजूच्या. लीक टेस्टिंगच्या मशीनवर काम. नवरा घरी, पाठीचं दुखणं, म्हणजे घर त्यांच्याच पगारावर. मी त्यांना पान उघडून दिलं. त्यांनी मोबाइल तिरका केला, हाताची सावली धरली, मग पुन्हा सरळ केला.

“वाचता येतंय का, ताई?”

“व्हय. येईल की. छान हाय.”

पाहुण्या बाईने विचारलं तर छान नाही असं कोण म्हणेल? आपल्याकडे आमटी खारट झाली तरी छान म्हणतात. हे मी साहेबांना सांगितलं. त्या मोबाइल कसा तिरका करत होत्या, हात कसा धरला होता, सगळं करून दाखवलं. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला.

“छान म्हणाल्या ना? मग झालं.”

पोर्टल सुरू झालं. शनिवार आला, गेला. सोमवारी कामाच्या मीटिंगसाठी मी चाकणला गेले, तर गेटजवळ सुनीताताई भेटल्या. कंपनीच्या बसमधून उतरून थेट माझ्याकडे आल्या.

“मॅडम, ते बटण कधी लागणार?”

मला कळेना. “कुठलं बटण?”

“तळेगावचं. मी रोज बघती. आमच्यातल्या समद्याच बघत्यात. अजून लागलंच न्हाई.”

मग उलगडा झाला. त्यांच्या मशीनवर पार्ट बसवायचा आणि थांबायचं. मशीन तयार झालं की बटणात हिरवा दिवा लागतो, मगच दाबायचं. दिवा नसताना हात लावला तर सुपरवायझर मेमो देतो. बटण विझलेलं असेल तर थांबा, हे कंपनीनेच या बायकांच्या हाडात मुरवलं होतं. त्यांनी पोर्टलवर विझलेलं बटण पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे थांबल्या. शनिवारची मुदत वर सूचनेत लिहिली होती, त्याच राखाडी रंगात. ती कुणालाच दिसली नव्हती.

मुदत संपली हे सांगायला माझी जीभ रेटेना. “मी साहेबांशी बोलते,” म्हटलं. त्यांनी माझा नंबर घेतला.

बोलले. घसा कोरडा होईपर्यंत बोलले. मशीन, दिवा, मेमो, सगळं सांगितलं.

“इंटरेस्टिंग आहे,” देसाई साहेब म्हणाले. “पण सिस्टीममध्ये क्लिक नाही म्हणजे इच्छा नाही. आम्ही सोय दिली होती.”

“दोन दिवस पुन्हा उघडा, सर. मी आत्ता बसून रंग बदलून देते.”

“तिकडे माणसं कमीच लागणार आहेत, मॅडम. जाऊ दे ना.”

हे म्हणताना ते चहा ढवळत होते. रंगाबद्दलची आमची सगळी चर्चा मला तेव्हा नव्याने ऐकू आली. प्रीमियम म्हणे.

त्याच दिवशी त्यांनी मंदारला फोन केला. आता दुसरं पान हवं होतं, त्याच पोर्टलवर, त्याच जागी. जे तळेगावला जाणार नाहीत त्यांनी स्वखुशीने काम सोडत असल्याचं मान्य करायचं, त्याचं बटण. आणि यावेळी निरोप असा, की बटण ठळक पाहिजे, उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे.

मी मंदारला सांगितलं, हे मी करणार नाही.

“नको करूस,” तो म्हणाला. त्याने माझी जुनी फाइल उघडली, तहसील ऑफिससारखी दिसणारी. त्यातलं हिरवं बटण उचललं, अक्षरं बदलली आणि पाठवून दिलं. पान त्याच दिवशी सुरू होईल असं मला वाटलं नव्हतं. मी सुनीताताईंना फोन करायला घेतला, तेवढ्यात त्यांचाच आला.

“मॅडम, लागलं एकदाचं.” आवाज असा की समोर असत्या तर हात धरला असता. “हिरवंगार. लगेच दाबलं बघा. बाकीच्यांनाबी सांगितलं. तुमी बोललात म्हणून झालं, न्हाईतर आमचं कोण ऐकतंय.”

“ताई, वर काय लिहिलंय ते वाचलं का?”

“आता काय वाचायचं? लागलं ना.”

मग ते बटण काम सोडण्याचं होतं, हे मला सांगावं लागलं. मागे मशीनचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “पण ते हिरवं होतं की, मॅडम.”

मी पुन्हा चाकणला गेले. देसाई साहेबांनी मला आत बोलावलंच नाही. मंदारला फोनवर एवढंच सांगितलं, की त्यांनी स्वतःच्या हाताने क्लिक केलंय, रेकॉर्ड आहे. मंदारने ते मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हणाला, “क्लायंट खूश आहे पण.” मी ती एजन्सी सोडली. त्याने कुणाचं काही अडलं नाही. सुनीताताई आता दिघीत एका शाळेत झाडलोट करतात. मला अजूनही मॅडम म्हणतात, ते फार लागतं.

नव्या मुलामुलींना शिकवताना मी रंगांचं सगळं सांगते, साडेचारचा नियमही. पण त्याआधी एक सांगते. क्लायंट एखादी गोष्ट फिकी करा म्हणाला, तर त्याची आवड काय ते विचारू नका. ती कुणी न वाचल्याने त्याचं काय भलं होणार आहे, ते विचारा.

त्या दुसऱ्या पानाचा कॉन्ट्रास्ट मी मोजून पाहिला होता. नियमात बसत होता.