बाबुजींच्या गाडीची चांदी

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या अंगणात, कण्हेरीच्या बुंध्याशी, बाबुजींची पांढरी अँबेसेडर उभी असायची, आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन तिच्या जाळीवर, बंपरवर, दिव्यांभोवतीच्या कड्यांवर सांडलं की रस्त्यावरचे सायकलवाले डोळ्यांवर हात धरून जात... खोटं वाटेल, पण त्या बंपरात पाहून अर्धा मोहल्ला भांग पाडायचा, आणि शेजारचा कोंबडा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडून इतका खंगला होता की त्याला कापायलाही कुणी धजेना. त्या साऱ्या क्रोमच्या झगमगाटाला आमच्या घरात एकच नाव होतं — चांदी.

गाडी लग्नांची, भाड्यानं जायची, आणि चालवायचे बाबुजीच. गोंदियातल्या कित्येक नवऱ्या तिच्यात बसून सासरी गेल्या. पण गाव धानाच्या गिरण्यांचं. धुराड्यांतून उडालेली भुशाची राख दवात भिजून रात्रभर चांदीवर बसे आणि सकाळी तिथे तांबूस, निळसर डाग उमटत. बाबुजी मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पाण्यात बुडवून, तान्ह्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा तसा डागावर फिरवत; काळपट लेप सुटे, तो ओल्या फडक्यानं टिपून वर खोबरेलाचं एक बोट. आयुष्यात कधी विडीला न शिवलेला हा माणूस पानठेल्याखालची रिकामी पाकिटं वेचायचा, आणि त्यापायी आमच्या निर्व्यसनी कुळाची जी बदनामी झाली ती पार बालाघाटपर्यंत पोचली होती.

मग ताईचं लग्न ठरलं, तिरोड्याला. ती बाबुजींच्याच गाडीतून जाणार, हे लग्न ठरायच्याही आधी ठरलेलं. हमरस्त्यावरच्या ट्रकांची धूळ गाडीला नको, म्हणून बाबुजी हळदीच्या दिवशी, राहून गेलेली एक पत्रिका द्यायला सडक अर्जुनीला बसनं गेले. आणि इकडे अंगणात आई नि मावशी लग्नघरातली भांडी काढून बसल्या. भुशाची राख, चिंचेचा कोळ, भाताच्या तणसाचा चोथा... आंबूस, ओलसर, धुरकट असा तो वास अजून माझ्या नाकात आहे. पितळी पराती सोन्यासारख्या उजळल्या. उजळवायचं काही उरलं नाही, तेव्हा आईची नजर बंपरवरच्या डागांवर गेली.

ओली होती तोवर चांदी लखलखली. वाळली, आणि मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखी झाली... भुशाच्या राखेनं तिच्यावर गोल गोल ओरखड्यांची जाळीच विणली होती. आईच्या हातातला चोथा गळून पडला. त्यानंतरची दुपार जी लांबली, ती माझ्या हिशेबानं अख्ख्या उन्हाळ्याएवढी होती. बसचा भोंगा वाजला की मावशी देवघरात, आई विहिरीकडे, आणि मी दोघींच्या मधे. बाबुजी ही गाडी काढणारच नाहीत, ताई परक्या गाडीतून जाईल, आणि त्याचा बोल जन्मभर आईला लागेल — अंगणात तेच भरून राहिलं होतं.

दिवस कलताना ते आले. बंपरवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कोनं घासलं?"

मावशीनं दवावर, गिरणीवर, शेवटी कोंबड्यावर आळ घेऊन पाहिला. आई म्हणाली, "म्या. भांड्यावानी उजळन म्हटलं."

"चिंच टाकली?"

"टाकली."

"मंग आता मीठ लावून खाऊन टाका."

बाबुजी तसेच उकिडवे बसले, खिशातला चंदेरी कागद भिजवला आणि घासू लागले. उरलेसुरले डाग निघाले, ओरखडे ढिम्म. हळदीच्या अंगानं उंबऱ्याबाहेर येऊ नये, तरी ताई आली.

"काऊन घासून राहिले बाबुजी? मी तं अंदर बसन. बंपर कोनाले दिसते?"

"मले दिसते." हात थांबला नाही. "पोरगी निघाली का सारे रडतात. ड्रायव्हरनं कुठं पाहावं? मी पाठ करतो, बंपर पुसत बसतो. त्याच्यात सारे दिसतात, पण आपलं तोंड कोनाले दिसत नाही. यावेळी ड्रायव्हर बी मीच, बाप बी मीच."

आई उठली, त्यांच्याशेजारी बसली, आणि कागदाचा एक तुकडा तिनंही भिजवला.

पाठवणीच्या वेळी बाबुजींनी सवयीनं पाठ केली. फडकं फिरत राहिलं, फिरत राहिलं... बंपरात पांढरं धुकं, दुसरं काही नाही. ना आई, ना ताई. मग ते वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका निघालेल्या मुलीकडे त्यांनी सरळ पाहिलं, सगळ्यांदेखत, आणि तोंड लपवायला फडकंही वर नेलं नाही. गाडी त्यांनीच चालवली. पण इतकी हळू, की तिरोड्यापर्यंत बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या, आणि एका गाडीवानानं तर ढकलू का म्हणून विचारलं.

पुढे गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, नवी चांदी चढवून देतो. बाबुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी चालत नाही, अंगणातच असते. गिरणीची राख अजून पडते, डाग धरतात, पण बाबुजी चंदेरी कागद मागत नाहीत. संध्याकाळी खुर्ची ओढून बंपरापाशी बसतात, आणि एक बोट त्या ओरखड्यांवरून — आईचा हात ज्या बाजूनं फिरला होता, त्याच बाजूनं — गोल, सावकाश फिरवत राहतात.