डॉक्टरसमोर मी इन्स्पेक्टरच्या आवाजात बोललो

"याला स्पाज्मोडिक डिस्फोनिया म्हणतात," संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडम बोलल्या, अन् मी खुर्चीत बसल्या बसल्या हसलो. दीड वर्ष बिननावाचा आजार घेऊन हिंडल्यावर नाव मिळालं तरी पेढे वाटावे वाटतेत.

मॅडमनं सोपं करून सांगितलं. आपल्या घशात स्वरतंतू असतेत. बोलताना मेंदू त्यांना चुकीचा हुकूम देतो. मग ते मधीच गच्च आवळतेत अन् आवाज तुटतो. जखम न्हाई, गाठ न्हाई.

मी नांदूरघाटचा. लग्नात माईकवर नावं पुकारतो, मधी मधी सरपंचाच्या, इन्स्पेक्टरच्या नकला करतो. आवाज गेला तर माझ्याकडं काय उरतं, ते तुमीच सांगा.

सुरुवात फोनवर झाली. आबा, म्हणजे माझे वडील, माजलगावकडं साखर कारखान्यात कामाला. त्यांना "हॅलो" म्हणालो तर "हॅ" गेला अन् "लो" घशातच राहिला. आबा म्हणाले, "रेंज न्हाई का रं?" रेंज फुल होती.

पण एक गंमत कळली. सरपंचाच्या आवाजात बोललो की आवाज तुटत नव्हता. इन्स्पेक्टरच्या आवाजात तर एकदम कडक! मग काय, लग्नं सरपंचानं उरकली, घर इन्स्पेक्टरनं चालवलं. आबा फोनवर चिडायचे, "माणसासारखं बोल की बे!"

गावातल्या डॉक्टरनं घसा बसला म्हणून गोळ्या दिल्या. बीडला गेलतो तर तिथं नाकातून बारीक कॅमेरा घातला, म्हणजे लॅरिंगोस्कोपी. डोळ्यातून पाणी आलं, बाकी कायी न्हाई. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर बोलले, "आवाज तर ठणठणीत आहे. टेन्शन घेऊ नका."

ठणठणीत राहणारच! नव्या माणसासमोर तुटका आवाज काढायची मला लाज वाटायची. म्हणून दवाखान्याच्या दारातच मी इन्स्पेक्टर व्हायचो अन् सगळी तक्रार त्याच्याच आवाजात सांगायचो. डॉक्टर हसायचे, कंपाउंडर हसायचा, अन् मी नॉर्मलचा कागद घेऊन घरी. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, आपण आजाराची पण नक्कलच करायलो का काय.

संभाजीनगरला आई सोबत आली. मी सवयीनं इन्स्पेक्टर सुरू केला. आईनं पदर खोचला.

"मॅडम, ह्यो माझा पोरगा न्हाई. ह्यो पोलीस हाय. पोरगा आत बसलाय, त्याला बोलवा. वरीस झालं, मी त्याचा आवाज ऐकला न्हाई."

मॅडम माझ्याकडं वळून बोलल्या, "नाव, गाव सांगा. तुमच्या आवाजात."

नांदूरघाटचे तीन तुकडे झाले. मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी कुजबुजायला सांगितलं, जमलं. इन्स्पेक्टर काढायला सांगितला, जमला. परत माझा आवाज, परत तुकडे.

"हीच तर खूण आहे," त्या म्हणाल्या. "आवाज बदलला की बऱ्याच जणांना तात्पुरतं नीट बोलता येतं. तुम्ही खूणच लपवत होता."

मुळापासून इलाज न्हाई, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. पण स्वरतंतूच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतेत, त्यानं आवळणं ढिलं पडतं. तीन-चार महिन्यांनी असर उतरला की परत घ्यायचं. मानेतून सुई जाते, भ्या वाटतं, पण मिनिटात उरकतं. पहिला आठवडा आवाज फुसका निघतो, पाणी पिताना ठसका लागतो. घाबरू नका, ते जातं.

तुमचा पण असा बिननावाचा आजार असंल तर माझं ऐका. डॉक्टरपुढं हुशारी करू नका. जिथं तुटतंय तेच दाखवा. अन् सोबत असं माणूस न्या, ज्याला तुमी फसवू शकत न्हाई. माझी आई नसती तर मी अजून पोलिसातच असतो.

मी इंजेक्शन घेतलं. पंधरा दिवसांनी तपासणीहून परत येताना बीडच्या स्टँडवरून आबांना फोन लावला. गाळप चालू होतं म्हणून आबा कारखान्यावरच.

"हॅलो आबा, मी बोलतोय. नांदूरघाटला निघालोय."

आबा म्हणाले, "कोण हाय बे? आमच्या पोराची नक्कल लई भारी करायलास."

"आबा, मीच हाय."

"अजून एकदा बोल."

बोललो. गाडी लागली तरी बोलतच होतो.