दादानं लिहिलेला हिरव्या जर्सीचा इतिहास

निरोप दुपारी आला. मंचेरियलला माझ्या सासरी शेजारच्या घरी फोन होता, तिथून हाक आली. गावाकडच्या शाळेचा शिपाई बोलत होता. "ताई, गुरुजी वर्गात बसल्या बसल्याच गेले," एवढंच तो म्हणाला. माझा थोरला भाऊ, आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगूजवळच्या आमच्या खेड्यातला मराठी शाळेचा मास्तर, बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याला आता तीन महिने होतील. भेटायला येणारे सांगतात, गुरुजी फार साधे होते. होताच तो साधा. पण मला मात्र त्याच्याकडं पाहून जन्मभर नवलच वाटत आलं. ज्या खेळाचा चेंडूसुद्धा त्यानं कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्या खेळातल्या एका संघाच्या जर्सीचा इतिहास माझा भाऊ चौदा वर्षं लिहीत होता.

सुरुवात आमच्या गावच्या कबड्डीपासून झाली. आम्ही बौद्ध. माय-बाबांनी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून आम्हाला शिकवलं. दादा नुकताच मास्तर झाला होता आणि चढाईला त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. भीमपूरच्या संघाशी सामना ठरला, तेव्हा गावच्या संघानं त्याला महिनाभर सरावाला बोलावलं. सामन्याच्या सकाळी लाल जर्सी वाटल्या, त्या मारुतीच्या देवळात. दादा पायरीखाली उभा राहिला. सगळ्यांना जर्सी मिळाल्यावर एकजण बाहेर येऊन म्हणाला, "मास्तर, तुमी आपल्या बनियनवरच खेळा ना. काय फरक पडते?" दादा तसाच घरी आला. त्या दिवशी आमच्या वस्तीतले सगळे मैदानावर गेले आणि भीमपूरच्या प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवत राहिले. मीही वाजवल्या.

पुढच्या वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, तो रेडिओवर लंडनहून लागणाऱ्या हिंदी बातम्या ऐकत होता. दक्षिण आफ्रिकेचा रग्बीचा संघ न्यूझीलंडला गेला होता. आफ्रिकेतलं ते सरकार काळ्या माणसाला बरोबरीनं खेळू देत नव्हतं, म्हणून न्यूझीलंडचे लोक मैदानात घुसले, मार खात हातात हात अडकवून उभे राहिले आणि एक सामना रद्दच करावा लागला. दादानं मला विचारलं, "सुनंदा, हे लोक त्यायचे कोण लागतात? मग काऊन मार खाऊन राह्यले?"   दुसऱ्या दिवशी त्यानं दोनशे पानी वही आणली.

त्यानंतर आदिलाबादच्या रद्दीवाल्यांकडची जुनी इंग्रजी मासिकं, वाचनालयातले ज्ञानकोश, नागपूरहून बसनं येणारी वर्तमानपत्रं... सापडेल ती ओळ तो वहीत उतरवायचा. न्यूझीलंडच्या एका वाचनालयाला त्यानं पत्र लिहिलं आणि पाच महिन्यांनी तिथून खरंच जाड पाकीट आलं. पोस्टमन ते साऱ्या गावाला दाखवत घरापर्यंत आला होता. दादा मला सांगायचा, की सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या संघाला ठरलेला रंगच नव्हता. एका कर्णधारानं आपल्या जुन्या क्लबच्या हिरव्या जर्सी आणून संघाला घातल्या आणि तोच रंग देशाचा झाला. पुढं छातीवर हरीण आलं. काळी माणसंही शंभर वर्षं तोच खेळ खेळत होती, पण त्यांचे संघ वेगळे. मोठ्या सामन्यांना त्यांना जाळीआडच्या वेगळ्या जागेत बसवत. तिथून ती बाहेरून आलेल्या संघासाठी ओरडायची. हे वाचून दादानं वही मिटली. मग म्हणाला, "इतक्या दूर, सुनंदा... अन् टाळ्या तशाच."

पंच्याण्णव साली जूनमध्ये त्या देशात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मी माहेरी होते. वर्तमानपत्र दोन दिवसांनी पोचलं. काळ्या माणसांसाठी सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून राष्ट्राध्यक्ष झालेला तो माणूस मैदानावर उभा होता, अंगात त्याच संघाची जर्सी, पाठीवर कर्णधाराचा सहा नंबर. फोटो काळापांढरा होता. दादानं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे हिरवं आहे." त्याचा आवाज चढला होता. "यानं काऊन घातली? याले कोणी सांगतलं होतं?" तो दिवसभर जेवला नाही. पुढं कित्येक दिवस तो फोटो वहीतून बाहेर काढायचा, पाहायचा, ठेवून द्यायचा. राग कधी उतरला ते मला कळलं नाही. वहीत मात्र त्यानं त्या दिवसानंतर एकही ओळ लिहिली नाही.

दिवाळीनंतर गावच्या संघाचा कर्णधार विठ्ठल घरी आला. पाटलांचा पुतण्या, दादाचाच विद्यार्थी. त्यानं लाल जर्सी खाटेवर ठेवली. "गुरुजी, यंदा संघाले तुमी शिकवा." हेच मागणं आदल्या वर्षी दादानं धुडकावलं होतं. या वेळी तो म्हणाला, "जर्सी देवळात नाई, शाळेत वाटायच्या. अन् निवडीले साऱ्या गावचे पोरं येतील, आमच्या वस्तीचेबी." विठ्ठल आठ दिवसांनी परत आला. गावात भांडणं झाली होती, दोघांनी संघ सोडला होता. पण तो हो म्हणाला.

सामन्याच्या दिवशी दादा ती जर्सी घालून वस्तीतून निघाला.  एक म्हातारे काका तोंड फिरवून घरात गेले. घरातून निघतानाच माय दारात आडवी आली होती. "त्यायची जर्सी काऊन घातली रे?"

"माय," दादा म्हणाला, "त्यायची होती तोवर नाई घातली."

संघात वस्तीतले तिघं होते. आम्ही हरलो. पण आमच्या बायका पहिल्यांदाच आपल्या गावासाठी ओरडल्या, आणि मी टाळ्या वाजवताना रडत होते.

दादा गेला त्या दिवशी विठ्ठलनं ती जर्सी त्याच्या अंगावर पांघरायला काढली. मायनं हात धरला. "राहू दे बापा. कोण्या पोराच्या कामी येईल."

गेल्या रविवारी भीमपूरशी सामना होता. मायनं जर्सी धुऊन, उसवलेली बाही शिवून स्वतः शाळेत नेऊन दिली होती. मी आणि माय मैदानाच्या कडेला बसलो होतो. सात जण सारख्याच लाल जर्सीत उतरले. दादाची जर्सी कोणाच्या अंगात आहे हे मी प्रत्येकाकडं पाहून शोधत राहिले. मला ओळखू आलं नाही.